गाडीतून दिसलेलं ते फुललेलं झाड नेमकं कोणतं?

एप्रिल लागला की ओळखीपाळखीच्या लोकांचे फोटो फोनवर येऊ लागतात. कशेडी उतरताना, परशुराम घाटाच्या वळणावर किंवा कोकण रेल्वेच्या खिडकीतून काढलेले. अर्धा फोटो काचेवरच्या उन्हाच्या तिरिपीने भरलेला, उरलेल्या अर्ध्यात लांबवर जांभळा नाहीतर लाल पुंजका, आणि खाली एकच ओळ: "हे कोणतं झाड?" फार तर "रंग बघ काय मस्त आहे" एवढी भर.

अशा फोटोवरून कधीकधी नाव सांगता येतं, पण त्यात माहिती कमी आणि अंदाज जास्त. विचारणाऱ्याने सगळा भर रंगावर दिलेला असतो, आणि झाड ओळखताना रंग ही सर्वांत कच्ची खूण. किनाऱ्यावरची भेंड घ्या, म्हणजे पारोसा पिंपळ. तिचं फूल पिवळं उमलतं आणि कोमेजता कोमेजता तांबूस-जांभळं होतं; दोन्ही रंगांची फुलं एकाच झाडावर दिसतात. ताम्हणाचं ताजं फूल गडद जांभळं, शिळं फिकट. वर दुपारचं ऊन आणि फोनचा कॅमेरा आपापल्या मर्जीने रंग बदलतात ते वेगळंच. पाकळ्या किती, पानं फांदीवर कशी लागली आहेत, शेंग धरते की बोंड, या गोष्टी मात्र ऊन-सावलीने बदलत नाहीत. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात झाडांचे गट पाडले ते फुलातले केसर मोजून. त्याची ती गटवारी पुढे मागे पडली, पण फुलाचे भाग मोजायची सवय आजही कामाची आहे.

आधी बघा, ते फूलच आहे ना?

हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण कोकणात तो विचारावाच लागतो. मार्चच्या सुमारास करड्या, पानं गळलेल्या जंगलात एखादंच झाड शेंड्यापासून बुडापर्यंत लालभडक झालेलं दिसतं. जवळ जाऊन पाहावं तर त्यावर एकही लाल फूल नसतं. ती कोशिंबाची कोवळी पालवी असते. काही जण त्याला कुसुंब म्हणतात. पानात हिरवं द्रव्य पुरतं तयार होण्याआधी त्यात अँथोसायनिन नावाचं लाल द्रव्य असतं. कोवळ्या पानाला कडक उन्हापासून आणि किडींपासून त्याने आडोसा मिळत असावा, असं मानलं जातं. थोड्याच दिवसांत ही लाली उतरते आणि झाड चारचौघांसारखं हिरवं होतं. कोशिंबाचं खरं फूल बारीक, हिरवट-पिवळं असतं आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

दुसरा फसवा गडी किंजळ. दिवाळीनंतर कोकणात उतरलात तर डोंगरउतारावर विटकरी-गुलाबी झाडांचे मोठमोठे पट्टे दिसतात. एवढा फुलोरा कोणत्या झाडाचा, असा प्रश्न हमखास येतो. ती फळं असतात. किंजळाची फुलं पाऊस सरता सरता येऊन जातात, ती फिकट आणि अगदी बारीक. नंतर धरणाऱ्या इवल्याशा फळांना तीन पंख असतात, त्यातला एक इतर दोघांपेक्षा बराच मोठा. हे पंख तांबूस होतात आणि सगळा शेंडा रंगून जातो. वाऱ्यावर फळ लांब जावं म्हणून ही सोय. किंजळ हा ऐन, हिरडा यांच्या कुळातला आहे. भाजावळीसाठी, म्हणजे भाताचा तरवा करायच्या आधी जमीन भाजायला, ज्याची कवळं (पाल्याच्या लहान फांद्या) तोडतात तेच हे झाड, त्यामुळे कोकणातल्या शेतकऱ्याला ते हिवाळ्यात रंगलं काय आणि पावसाळ्यात हिरवं असलं काय, लांबूनच कळतं. प्रवाशाला मात्र फांदी वाकवून किंवा खाली पडलेलं फळ उचलून पाहिल्याशिवाय उलगडा होत नाही.

झाडाखाली वाकणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत फायद्याचा व्यायाम आहे. चाळीस-पन्नास फुटांवरचं फूल दुर्बिणीतूनही धड दिसत नाही, आणि खाली तेच फूल, मागच्या हंगामातली शेंग, वाळलेलं पान, सालीचा पापुद्रा असं सगळं एका जागी पडलेलं असतं. फक्त शेजारच्या झाडाचा कचरा यात मिसळलेला नाही ना, तेवढं पाहायचं.

माघ-फाल्गुनातले तीन लाल

जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, पान नसलेल्या फांद्यांवर लाल फुलं दिसली तर बहुधा सावर, पांगारा आणि पळस या तिघांपैकी कोणीतरी असतं. तिघांची सरमिसळ इतकी होते की इथे जरा थांबायला हवं.

सावर म्हणजे काटेसावर. सरळसोट उंच खोड, त्यातून जवळपास आडव्या निघालेल्या फांद्या, आणि तरुण झाडाच्या सालीवर जाड, शंकूसारखे काटे. फूल मोठं, मांसल, पाच पाकळ्यांचं, मधोमध केसरांचा जुडगा. ते पडताना धप्प असा आवाज होतो, हीसुद्धा एक खूणच. पांगाऱ्याचं फूल वेगळ्या घडणीचं: एक मोठी लाल पाकळी आणि बाकीच्या लहान, अशी फुलं फांदीच्या टोकाला दाट तुऱ्यात लागतात. त्यालाही काटे असतात, पण बारके आणि काळपट. बागायतीत मिरवेल चढवायला पांगारा मुद्दाम लावतात, म्हणून सुपारीच्या बागेत लाल दिसलं तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. पळसाला काटे नाहीत. त्याचं फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं, खालचं टोपण मखमली आणि काळपट; खोड वेडंवाकडं. पळसाला पानं तीनच, ही म्हण इथे मात्र फारशी उपयोगी पडत नाही, कारण पांगाऱ्यालाही तीनच असतात. सावरीचं पान हाताच्या पंजासारखं, पाच-सात भागांचं.

ही झाडं पानं टाकून मगच का फुलतात? कोकणात पाऊस धो धो पडतो हे खरं, पण तो चार महिने. पुढचे आठ महिने कोरडे. पान म्हणजे पाण्याचा सततचा खर्च, तो उन्हाळ्यापूर्वी थांबवलेला बरा. शिवाय उघड्या फांदीवरचं लाल फूल पक्ष्यांना लांबून दिसतं. सावरीवर सकाळी कावळे, साळुंक्या, बुलबुल, सूर्यपक्षी यांची जी झुंबड उडते ती मधासाठी, आणि त्यांच्या चोचीला-डोक्याला लागलेले परागकण या झाडावरून त्या झाडावर जातात. फुलं लवकर आली की बोंडं उन्हाळ्यात पिकतात, एप्रिल-मेच्या वाऱ्यावर कापूस उडतो, आणि बी जमिनीवर टेकतं तेव्हा पाऊस तोंडावर आलेला असतो. म्हणजे महिना आणि पानं आहेत की नाहीत, एवढ्या दोन गोष्टी लिहून ठेवल्या तरी शोध निम्मा होतो. फोटोवर तारीख असतेच. ती पुसली जाऊ नये.

पान कोणतं आणि पानाचा तुकडा कोणता

आता या लेखातला अवघड भाग. गुलमोहराचं पान केवढं, असं विचारलं तर बहुतेक जण नखाएवढं म्हणतील. गुलमोहराचं पान खरं तर हातभर लांब असतं. नखाएवढी दिसते ती त्याची पर्णिका, म्हणजे पानाचा एक तुकडा.

हे ओळखायची रीत सोपी आहे आणि कलमं बांधणारा कोणीही ती सांगेल: डोळा शोधा. खऱ्या पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो, त्या बेचक्यात एक बारीकसा डोळा असतो, ज्यातून पुढे नवी फांदी किंवा फूल येतं. पर्णिकेच्या बुडाशी असा डोळा नसतो. म्हणून पानाच्या टोकाकडून मागे मागे यायचं. जिथे डोळा सापडेल, तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. बहाव्याचं जे डहाळीसारखं दिसतं ते चार-आठ जोड्यांचं एकच पान असतं, हे असं कळतं. पानाचे असे तुकडे असले तर ते संयुक्त पान, नसले तर साधं.

एवढं कळलं की पिवळ्या फुलांचा घोळ सुटतो. बहावा आणि सोनमोहर दोघेही उन्हाळ्यात पिवळे. पण बहाव्याचं पान एकदाच विभागलेलं, पर्णिका चांगल्या मोठ्या, फुलांचे घोस खाली लोंबणारे, आणि मागच्या वर्षीच्या काळ्या, नळीसारख्या, फूट-दीड फुटाच्या शेंगा बहुधा तिथेच लटकत असतात. सोनमोहराचं पान दोनदा विभागलेलं, गुलमोहरासारखं. फुलांचे तुरे आभाळाकडे उभे. शेंगा चपट्या, तांबूस. तिसरी सोनसावर, म्हणजे गणेर. ती खडकाळ उतारावर पान नसताना फुलते, तिचं फूल वाटीएवढं, आणि शेंग तिला येतच नाही, बोंड येतं.

यापुढची पायरी म्हणजे पानं फांदीवर कशी लागली आहेत. एकाच जागेतून दोन बाजूंना समोरासमोर, की एक इकडे आणि पुढचं तिकडे? की एका जागी गोलाकार झुबक्याने? झुबका असेल, एका पेऱ्यावर सातच्या आसपास पानं असतील, पान तोडल्यावर दुधासारखा चीक आला आणि महिना ऑक्टोबर-नोव्हेंबरचा असेल तर ती सातवीण. तिला तर रात्री डोळे मिटूनही ओळखता येतं. तिचा वास काहींना धुंद करतो, काहींचं डोकं उठवतो. मी दुसऱ्या गटातला.

रातांब्याचे भाऊबंद

जाणकार माणूस झाडाकडे पाहून थेट नाव घेतो असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा त्याच्या डोक्यात आधी कूळ येतं आणि मग नाव. कूळ कळलं की शेकडो शक्यतांच्या दहा-बारा उरतात. हे समजून घ्यायला कोकणाएवढी चांगली जागा नाही, कारण इथे एक पूर्ण भाऊबंदकी किनाऱ्याला धरून उभी आहे.

रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, कोकणी माणसाच्या रोजच्या बघण्यातला. पानं जाडसर, चकचकीत, समोरासमोर लागलेली. सालीला खरवडलं तर चीक. आता समुद्राकाठची उंडी पाहा. पानं तशीच समोरासमोर, जाड, चकचकीत. फूल पांढरं, सुवासिक, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. फळ गोटीसारखं गोल. उंडीची आणखी एक पक्की खूण आहे. पान उजेडाकडे धरलं तर मधल्या शिरेपासून कडेपर्यंत असंख्य बारीक शिरा अगदी जवळजवळ, एकमेकींना समांतर गेलेल्या दिसतात. उंडीच्या बियांचं तेल पूर्वी दिव्याला आणि होड्यांना वापरत. फळ पाण्यावर तरंगतं, म्हणून उंडी पुळणीलगत आपोआपही उगवते.

मग नागकेशर, म्हणजे नागचाफा: समोरासमोर पानं, चार पांढऱ्या पाकळ्या, पिवळे केसर. आणि मग सुरंगी. सिंधुदुर्गात, विशेषतः वेंगुर्ल्याच्या आसोलीकडे, फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगीचा वास झाडाच्या बऱ्याच आधी गाठतो. लांबून पाहिलं तर झाड फुललंय असं वाटतच नाही, कारण शेंड्याला फुलं नसतात. ती जुन्या, जाड फांद्यांवर, पानं गळून गेलेल्या जागी, दाटीवाटीने चिकटलेली असतात. कळ्या उमलायच्या आत उतरवायला माणसं पहाटे झाडावर चढतात. फुलं सुकली तरी वास राहतो, म्हणून सुरंगीच्या वळेसराला, म्हणजे गजऱ्याला, अबोलीपेक्षा जास्त दिवसांचं आयुष्य. हे सगळे एकमेकांचे नातलग. वनस्पतिशास्त्राने त्यांना बरीच वर्षं एकाच कुळात ठेवलं होतं. अलीकडे रातांब्याचं घर वेगळं केलं आणि उंडी, सुरंगी, नागकेशर यांचं वेगळं. नात्याच्या खुणा मात्र त्याच राहिल्या: पानं समोरासमोर आणि जाड, पाकळ्या बहुधा चार, केसर पुष्कळ, अंगात चीक.

शेंगवाल्यांचं कूळ याहून मोठं. बहावा, पळस, पांगारा, गुलमोहर, करंज, शिरीष हे सगळे त्यातले. शेंग धरली आणि पान संयुक्त असलं की पहिला अंदाज याच कुळाचा करावा. यांच्या पानाच्या देठाच्या बुडाशी थोडा फुगवटा असतो. महामार्गाकडेच्या वर्षावृक्षाच्या पर्णिका संध्याकाळी मिटतात, त्या याच फुगवट्यांतल्या पेशींत पाणी कमी-जास्त होऊन.

पण शेंग लांबट दिसली म्हणून लगेच इकडे ढकलू नका. टेटूला तलवारीएवढी लांब शेंग लागते, तरी तो या कुळातला नाही.

जांभळं झाड

आता पहिल्या फोटोतल्या जांभळ्या पुंजक्याकडे. एप्रिल ते जून, कोकणात, ओढ्याच्या किंवा नदीच्या काठाने, पानांसकट फुललेलं जांभळं झाड असेल तर ते ताम्हण असण्याची शक्यता भरपूर. महाराष्ट्राचं राज्यफूल हेच. पक्कं करायला चार गोष्टी पाहायच्या. पाकळ्या सहा, चुरगळलेल्या रेशमासारख्या, बुडाशी अरुंद देठावर बसवलेल्या. मधे पिवळे केसर पुष्कळ. पानं साधी, लांबट, बरीचशी समोरासमोर. आणि गेल्या वर्षीची लाकडासारखी कडक बोंडं, फुटलेली, तरी फांदीला चिकटून.

घाटावरून आलेला माणूस त्याला जॅकरांडा म्हणून बसतो. जॅकरांडाचं फूल नळीसारखं आणि पान झालरीसारखं बारीक विभागलेलं. तो दक्षिण अमेरिकेतून आलेला. ताम्हणाचा सख्खा भाऊ कोकणातच आहे, नाणा. त्याची फुलं पांढरी आणि लहान, साल गुळगुळीत, पांढुरकी, पापुद्रे सुटणारी. रंगावर गेलात तर ताम्हण आणि नाणा दोन टोकांना. पाकळ्या आणि बोंडं पाहिलीत तर नातं लपत नाही.

झाड कुठे उभं आहे हाही पुरावाच धरावा. रस्त्याकडेला ओळीने लावलेलं, रिसॉर्टच्या दारात, शाळेच्या आवारात उभं असलेलं झाड जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातलं असू शकतं. गुलमोहर मादागास्करचा. वर्षावृक्ष अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातला. शंकराच्या देवळापाशी खोडालाच मोठी गुलाबी फुलं लगडलेला कैलासपतीही दक्षिण अमेरिकेतला. भाताच्या बांधावर फेब्रुवारीत पान नसलेल्या काठ्यांवर फिकट गुलाबी फुलं दिसतात आणि लोक हौसेने त्याला चेरी ब्लॉसम म्हणून फोटो टाकतात, तो गिरिपुष्प: मध्य अमेरिकेतून आलेला, हिरवळीच्या खतासाठी आणि कुंपणासाठी लावलेला. याउलट देवराईतलं मोठं झाड असेल तर ते इथलं असण्याची खात्री बरीच. खाडीकाठच्या दलदलीतल्या झाडाखाली सकाळी केसरांचा सडा पडलेला आणि वर लोंबत्या, रिकाम्या दोऱ्या दिसल्या तर ते समुद्रफळ. त्याची फुलं रात्री उमलतात आणि उजाडेपर्यंत गळतात, म्हणून दुपारी गेलेल्याला ते फुलतं हेच कळत नाही.

फोनला काय दाखवायचं

गूगल लेन्स, प्लँटनेट, आयनॅचरलिस्ट ही साधनं चांगलीच आहेत. त्यांची रीत अशी: नाव माहीत असलेले लाखो फोटो पाहून त्यांनी आकारांची ओळख करून घेतलेली असते, आणि तुमचा फोटो त्यातल्या कशाशी किती जुळतो याची ते क्रमवारी लावतात. म्हणजे पहिलं नाव हे उत्तर नव्हे, उमेदवार आहे. लांबून काढलेल्या हिरव्या-लाल गोळ्यात जुळवण्यासारखं काही नसतं, तरी ॲप काहीतरी नाव देतंच. शिवाय ज्या झाडाचे जगभर फोटो जास्त, त्याच्याकडे त्याचा कल. सुरंगीपेक्षा बागेतलं एखादं परदेशी झाड त्याला लवकर सुचतं. आयनॅचरलिस्टवर ठिकाण आणि तारीख नोंदता येते आणि माणसं येऊन नाव तपासतात, म्हणून मला ते जास्त पटतं.

फोटो घ्यायचे ते असे: पूर्ण झाड, खोडाची साल, फूल समोरून आणि बाजूने, पान वरून आणि खालून, पान जिथे फांदीला लागतं तो सांधा, आणि खाली पडलेलं फळ. शेजारी एखादं नाणं ठेवलं की आकाराचा अंदाज येतो. सांध्याचा फोटो बहुतेक जण विसरतात आणि नेमका तोच दोन नावांतला वाद मिटवतो.

ओळख पटवायला फांदी तोडू नका. देवराईत तर नाहीच. तिथे वाळकं पान उचललेलंही काही गावांना चालत नाही, आधी विचारावं. आणि अनोळखी झाडाचा चीक बोटाला लावून हुंगण्याचा उत्साह आवरा. बिब्ब्याच्या कुळातली झाडं कोकणच्या रानात आहेत, त्यांचा चीक हवा लागली की काळा पडतो आणि कातडीवर फोड उठतात. पानावर किंवा सालीवर काळे ओघळ दिसले तर हात मागे घ्यायचा. खेकडे पकडायला गेलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं, पाहुण्याला नसतं.

एवढं करूनही अडलं तर रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या काकांना किंवा काजू गोळा करणाऱ्या मावशींना विचारावं. नावासोबत "ह्याचा काय करतंत?" हेही विचारलं तर लाकूड होडीला, साल तापाला, पानं गुरांना अशी माहिती मिळते, आणि पुस्तकात पडताळायला तीच जास्त उपयोगी पडते. गावचं नाव दोन खाड्या ओलांडल्या की बदलू शकतं, म्हणून ते लिहिताना शेजारी गावही लिहावं: कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात, पानांसह की पानांविना. पुढच्या वेळी असा फोटो पाठवाल तेव्हा रंगाआधी हे कळवा. रंग मला फोटोत दिसतोच.